सीन बदलताना गचका बसतो? आधी दोन्ही टोकं तपासा

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या ॲनिमेशन फायलींची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. प्रत्येक सीन सुटा पाहिला तर छान, जोडला की बिघडला. कुडाळ-मालवण पट्ट्यात होमस्टेच्या जाहिराती, आंबा-काजूवाल्यांचे छोटे व्हिडिओ, शाळांसाठी निसर्गफिल्म असं काम करणारी मुलं आता बरीच आहेत. फाईल पाठवतात आणि विचारतात, "दादा, इथे कुठलं ट्रान्झिशन टाकू?" ट्रान्झिशन म्हणजे एका सीनमधून दुसऱ्यात नेणारा इफेक्ट. मी त्या प्रश्नाचं थेट उत्तर देत नाही. दोष सहसा जाणाऱ्या सीनच्या शेवटच्या दहा-बारा फ्रेममध्ये असतो, नाहीतर येणाऱ्या सीनच्या पहिल्या दहा-बारा फ्रेममध्ये. वर फॅन्सी ट्रान्झिशन टाकलं की तो झाकला जात नाही, उलट ठळक होतो.

खाली सगळीकडे एकच उदाहरण धरलंय: वेळासच्या किनाऱ्यावरच्या ऑलिव्ह रिडले कासवांवर दोन मिनिटांची, 24 फ्रेम प्रतिसेकंदाची टूडी फिल्म. सॉफ्टवेअर कुठलंही असो, तपासणीचा क्रम तोच.

लक्षणं

ग्राहक तांत्रिक भाषेत बोलत नाही. तो म्हणतो, "भाऊ, मधीच कायतरी गचको बसता." त्या गचक्याचे प्रकार वेगवेगळे असतात आणि उपायही वेगळे, म्हणून तुमचा कुठला ते आधी ठरवा:

- सीन बदलल्यावर क्षणभर कुठे बघायचं तेच कळत नाही.
- पात्र उलट फिरल्यासारखं किंवा जागच्या जागी उडी मारल्यासारखं वाटतं.
- डिझॉल्व्ह (एक चित्र विरत दुसरं उमटणं) सुरू होताच चित्र गोठतं.
- डिझॉल्व्हच्या मध्यावर चित्र काळवंडतं आणि पुन्हा उजळतं.
- पात्रांच्या कडेला काळी किंवा पांढरी किनार उमटते.
- पॅनमध्ये, म्हणजे कॅमेरा आडवा फिरताना, चित्र थरथरतं.
- तुमच्या कॉम्प्युटरवर ठीक, ग्राहकाच्या मोबाईलवर चौकोनच चौकोन.
- काहीच चुकलेलं दिसत नाही, तरी गोष्ट तुटल्यासारखी वाटते. हे सगळ्यात वाईट लक्षण, आणि ते सगळ्यात जास्त दिसतं.

पहिली तपासणी: दोष फाईलमध्ये आहे की बघण्यात?

याला पैसे लागत नाहीत, पाच मिनिटं लागतात. टाइमलाइनवरचा प्रीव्ह्यू जड सीनला फ्रेम गाळतो, आणि डिझॉल्व्हमध्ये दोन सीन एकाच वेळी उलगडावे लागतात म्हणून नेमका तिथेच जास्त गाळतो. तेवढा पाच सेकंदांचा तुकडा रेंडर करा (पक्की फाईल काढा), दुसऱ्या मशीनवर आणि मोबाईलवर पाहा. अडखळणं गेलं तर ॲनिमेशनला हात लावू नका.

रेंडर करताना सरळ व्हिडिओ न काढता पीएनजी चित्रांची मालिका काढायची सवय ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही. मालिका असली की जिथे थांबलं तिथून पुढे चालू करता येतं, व्हिडिओ फाईल अर्धवट राहिली तर बहुधा उघडतच नाही.

मग ग्राहकाने काय पाहिलं ते विचारा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला असेल तर तो आणखी दाबला गेलाय. दाबणारी यंत्रणा साधारणपणे "मागच्या फ्रेममधला हा तुकडा इकडे सरकला" एवढंच लिहून जागा वाचवते. डिझॉल्व्हमध्ये काही सरकत नाही, पण प्रत्येक पिक्सेल प्रत्येक फ्रेमला बदलतो. त्यामुळे कमी बिटरेटमध्ये (दर सेकंदाला कमी डेटा) सगळ्यात आधी डिझॉल्व्ह फुटतो. त्याच्या जोडीला पडता पाऊस असेल तर विचारूच नका. तीच फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, दोष गायब होईल. आणि फिल्म मुळात मोबाईलवर फिरण्यासाठीच असेल तर लांब डिझॉल्व्हऐवजी कट, म्हणजे थेट बदल, वापरा.

दुसरी: ट्रान्झिशन काढून टाका

मी सगळ्यात जास्त भरवसा या तपासणीवर ठेवतो, आणि मुलं नेमकी हीच टाळतात. इफेक्ट पुसा, दोन सीन साध्या कटने जोडा, पाहा.

कट चालला तर तोच ठेवा. निम्म्याहून जास्त ठिकाणी इथेच काम संपतं. कट खटकला पण गोष्ट कळली, तर दोष नजरेचा, दिशेचा किंवा हालचालीचा आहे. पुढच्या तपासण्या करा. गोष्टच कळली नाही, तर प्रश्न वेगळा आहे, त्याबद्दल शेवटी.

डिझॉल्व्ह कधी लागतोच? मध्ये वेळ गेलाय हे सांगायचं असतं तेव्हा. मादी वाळूत अंडी घालून समुद्रात परत जाते आणि पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. त्या दोन चित्रांमध्ये कट टाकला तर लहान मुलाला वाटेल की अंडी घातली आणि लगेच फुटली. इथे 24 ते 48 फ्रेमचा डिझॉल्व्ह आपलं काम करतो. पण पिल्लू वाळूतून डोकं काढतं आणि पुढच्या चित्रात धावू लागतं, तिथे डिझॉल्व्ह टाकला तर तुम्ही प्रेक्षकाला सांगताय की मध्ये वेळ गेला, आणि तो गेलेला नाही. प्रेक्षकाला हे शब्दात सांगता येत नाही. तो म्हणतो, गचका बसला.

तिसरी: चित्र बंद, आवाज चालू

मॉनिटरकडे पाठ करा आणि जोड नुसता ऐका. चित्र जिथे कापलंय, अगदी त्याच फ्रेमवर आवाजही कापलेला असतो: एका बाजूला लाटा, दुसऱ्या बाजूला एकदम शुकशुकाट. चित्र निर्दोष असलं तरी असा जोड कापल्यासारखाच वाटणार.

येणाऱ्या सीनचा आवाज 8 ते 12 फ्रेम आधी सुरू करा, किंवा जाणाऱ्याचा तेवढा पुढे रेंगाळू द्या. आपल्या दशावतारात नेपथ्य म्हणून बहुतेक वेळा एक बाकडं असतं. दरबार संपून रान कधी सुरू झालं ते पात्राचं बोलणं आणि पेटी-पखवाज-झांज यांवरूनच कळतं, आणि समोर बसलेल्या आजीला त्यात कधी गोंधळ होत नाही. आवाजाने जागा बदलता येते हे आपल्या प्रेक्षकाला शिकवायला लागत नाही. वापरलं मात्र पाहिजे.

आवाजाचा क्रॉसफेड (एक आवाज विरत दुसरा वाढणं) टाकून मध्यावर आवाज बसत असेल तर फेडचा प्रकार पाहा. दोन वेगळे आवाज सरळ रेषेत कमी-जास्त केले की मध्यावर मिळून सुमारे 3 डेसिबलची खोट येते. प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये "कॉन्स्टंट गेन"ऐवजी "कॉन्स्टंट पॉवर" निवडलं की ती भरून निघते.

चौथी: शेवटची फ्रेम आणि पहिली फ्रेम शेजारी ठेवा

दोन स्थिर चित्रं काढा, शेजारी लावा, मग एकावर एक अर्ध्या ऑपॅसिटीने (अर्धं पारदर्शक करून) ठेवा. तीन गोष्टी बघायच्या.

नजर कुठे आहे? पहिल्या सीनच्या शेवटी पिल्लू खालच्या उजव्या कोपऱ्यात आहे आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला लाट वरच्या डाव्या कोपऱ्यात फुटतेय, तर डोळ्याला अख्खा पडदा पार करावा लागतो. तोवर लाट फुटून गेलेली असते. एक तर येणाऱ्या सीनची रचना सरकवा, नाहीतर महत्त्वाची हालचाल सुरू होण्याआधी सहा-आठ फ्रेम थांबा. मोबाईलवर हा दोष कमी जाणवतो, कारण सगळं चित्र नजरेच्या टप्प्यात असतं. शाळेच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावला की उघडा पडतो, म्हणून तपासताना शक्य तेवढा मोठा पडदा घ्या.

दिशा कुठली आहे? पिल्लू डावीकडून उजवीकडे समुद्राकडे धावतंय आणि पुढच्या सीनमध्ये उजवीकडून डावीकडे, तर ते गावाकडे परत निघालं. कुठलाही वाइप (एक चित्र दुसऱ्याला पुसत येणं) हे दुरुस्त करत नाही. चित्र आरशासारखं उलटवून चालत असेल तर तो सगळ्यात स्वस्त उपाय. फक्त पाटी, अक्षरं किंवा ओळखीचा देखावा त्यात नको. नाहीतर मध्ये एक तटस्थ सीन घाला: कॅमेरा पिल्लाच्या मागे, ते सरळ आपल्यापासून दूर पाण्याकडे जातंय. त्यानंतर दिशा बदलली तरी कोणी हरकत घेत नाही.

कोकणातल्या फिल्मला यात आणखी एक पेच आहे. आपला समुद्र पश्चिमेला. किनाऱ्यावरून काढलेल्या सीनमध्ये पार्श्वभूमीला समुद्र असेल तर पडद्याची डावी बाजू दक्षिण आणि उजवी उत्तर. म्हणजे मालवणहून वेंगुर्ल्याला निघालेली होडी उजवीकडून डावीकडे जायला हवी, आणि सूर्य पाण्यावर असेल तर ती संध्याकाळच आहे. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला फरक पडणार नाही, पण दांडी किनाऱ्यावरचा पोरगा पहिल्याच खेपेला विचारतो, "होडी परत कित्या फिरली?" मी चित्रफलक (स्टोरीबोर्ड) काढायच्या आधीच कागदावर बाण काढून ठेवतो.

तिसरी गोष्ट, दोन चित्रं फारच सारखी आहेत का? तेच पात्र, तोच आकार, कोन जेमतेम बदललेला. असा जोड कट म्हणून वाचला जात नाही, चूक म्हणून वाचला जातो. कोन निदान 30 अंशांनी बदला किंवा आकारात ठसठशीत फरक करा.

पाचवी: हालचाल जोडाआधीच मेलीय का?

ही नवशिक्यांच्या फायलीतली नेहमीची गोष्ट. प्रत्येक सीन स्वतंत्र बनवलेला, म्हणून प्रत्येक हालचाल सीनच्या आत सुरू होऊन आतच संपलेली. शेवटच्या कीफ्रेमला (हालचालीचं ठरवलेलं टोक) "ईझी ईझ" लावलेला, पात्र हळूच थांबतं, मग कट, मग दुसऱ्या सीनमध्ये हळूच सुरू होतं. दहा जोड असे असले की फिल्म दहा वेळा थांबते.

ग्राफ एडिटर उघडा. जोडाच्या फ्रेमवर वेगाची रेषा शून्याला टेकत असेल तर हाच दोष. शेवटचा कीफ्रेम सीनच्या हद्दीबाहेर ढकला, म्हणजे कट हालचाल चालू असताना पडेल. येणाऱ्या सीनमध्ये तीच हालचाल तिथूनच उचला. यालाच हूकअप म्हणतात. हूकअपमध्ये दोन-तीन फ्रेम हालचाल दुसऱ्यांदा दाखवली तर ती बहुधा जास्त सलग वाटते. गणिताने अचूक जोडलेली कधीकधी उडी मारते, कारण नवं चित्र ओळखण्यात डोळ्याच्या पहिल्या एक-दोन फ्रेम जातात.

व्हिप पॅन, म्हणजे झटकन फिरवलेला कॅमेरा, हा याचाच भाऊ. पहिला पॅन वेग घेत जातो, पूर्ण वेगात असताना कट होतो, दुसरा त्याच दिशेने त्याच वेगात सुरू होऊन मंदावतो. दोन्हींचा वेग कटच्या फ्रेमवर प्रतिफ्रेम पिक्सेलमध्ये मोजा. एकाचा 180 आणि दुसऱ्याचा 90 असेल तर ब्लर (धूसरपणा) कितीही वाढवा, धडकल्यासारखंच वाटेल. मोशन ब्लरचा शटर कोनही दोन्हीकडे सारखा हवा. 180 अंश म्हणजे 24 फ्रेमच्या फिल्ममध्ये 1/48 सेकंद शटर उघडं.

सहावी: शेपटी आहे का?

डिझॉल्व्ह सुरू होताच चित्र गोठतं, ते यामुळे. कटच्या मध्यावर 24 फ्रेमचा डिझॉल्व्ह बसवायचा तर जाणाऱ्या सीनला कटनंतर 12 आणि येणाऱ्याला कटआधी 12 जादा फ्रेम लागतात. हीच शेपटी. त्या नसल्या की एडिटिंग सॉफ्टवेअर कडेची फ्रेम पुन्हा पुन्हा दाखवतं. कॅमेऱ्याने शूट करणाऱ्याकडे जादा फुटेज आपोआप असतं. आपल्याकडे प्रत्येक फ्रेम कोणीतरी काढलेली असते, म्हणून नसतं.

इथून पुढे दुरुस्तीला मेहनत लागते. टूजवर काम करत असाल, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम, तर एका बाजूला सहा नवीन चित्रं. मनुष्यबळ नसेल तर डिझॉल्व्ह 8 फ्रेमचा करा, मग दोन-दोन चित्रांत भागतं. किंवा पात्र थांबलेलं ठेवून फक्त लाटा आणि माड हलते ठेवा. पार्श्वभूमीचं चक्र कितीही लांबवता येतं.

सातवी: लेअर आणि रंग

मध्यावर काळवंडणं. खालचा लेअर 100 वरून शून्यावर आणि वरचा शून्यावरून 100 वर, असं दोन्हीकडे ऑपॅसिटी हलवली की मध्यावर दोन्ही 50 टक्के असतात. वरचा अर्धा झाकतो, उरलेल्या अर्ध्याचा अर्धा खालचा झाकतो. एकूण 75 टक्के. बाकीच्या 25 टक्क्यांतून मागचा काळा दिसतो. खालचा लेअर 100 वरच राहू द्या, फक्त वरचा हलवा. दहा सेकंदांचं काम आहे, आणि यासाठी लोक रात्रभर कलर करेक्शन करत बसतात.

तरीही मध्य मळका वाटला तर गॅमा, म्हणजे आकडा आणि उजेड यांचं नातं. 0 ते 255 या मोजपट्टीवर 128 म्हणजे पांढऱ्याच्या निम्मा उजेड नसतो, सुमारे एकपंचमांश असतो. त्यामुळे आकड्यांची सरासरी डोळ्याला अंधारी लागते, विशेषतः पांढरी वाळू आणि काळं पाणी एकत्र येतात तिथे. प्रीमिअरमध्ये "फिल्म डिझॉल्व्ह" वापरून पाहा, आफ्टर इफेक्ट्समध्ये 1.0 गॅमाने रंग मिसळण्याची सेटिंग, ब्लेंडरच्या सिक्वेन्सरमध्ये "गॅमा क्रॉस".

कडेची काळी किनार म्हणजे अल्फाचा (पारदर्शकतेच्या माहितीचा) गैरसमज: प्रीमल्टिप्लाय केलेली (रंगातच पारदर्शकता मिसळलेली) फाईल स्ट्रेट (न मिसळलेली) म्हणून वाचली गेलीय. फुटेजच्या इंटरप्रिट सेटिंगमध्ये बदला. कडा ब्रशने पुसत बसू नका.

संध्याकाळचं आकाश काळ्यात फेड होताना पट्टे दिसतात, ते 8 बिटचं देणं. आकाशात रंगाच्या 40 च पायऱ्या असतील तर 1080 ओळींत प्रत्येक पट्टा 27 ओळींचा. फेड होताना पायऱ्या आणखी कमी होतात आणि पट्टे सरपटू लागतात. प्रोजेक्ट 16 बिटला न्या आणि शेवटी किंचित नॉइज घाला. फक्त तो नॉइज व्हॉट्सॲपच्या फाईलमध्ये टिकत नाही, वर बिटरेटही खातो, म्हणून प्रोजेक्टरसाठी एक आणि मोबाईलसाठी एक अशा दोन प्रती काढा.

आठवी: फ्रेम रेट

सगळ्यात शेवटी, कारण इथे चूक सापडली तर बरंच पुन्हा रेंडर करावं लागतं. 24 चा सीन 25 च्या टाइमलाइनवर टाकला की दर सेकंदाला एक फ्रेम दोनदा दिसते. 30 च्या टाइमलाइनवर दर चौथी. स्थिर सीनमध्ये कळत नाही, पॅनमध्ये लगेच कळतं. मोबाईलवर शूट केलेला संदर्भ व्हिडिओ मिसळला असेल तर त्याचा फ्रेम रेट बदलता असू शकतो. आधी तो ठरावीक रेटमध्ये बदलून घ्या.

सगळे रेट जुळत असूनही पात्र पार्श्वभूमीवर घसरत-थरथरत असेल, तर पात्र टूजवर आणि कॅमेऱ्याचा पॅन वन्सवर (दर फ्रेमला नवं चित्र) आहे. पॅनपुरतं पात्र वन्सवर न्या. कंटाळवाणं आहे, पण दुसरा खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

कधी थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

वीज चमकवून सीन बदलायचा मोह पावसाच्या प्रत्येक फिल्ममध्ये होतो. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त लखलखाट असतील तर तिथेच थांबा. 1997 च्या डिसेंबरात जपानमध्ये एका कार्टून मालिकेतल्या लाल-निळ्या उघडझापीनंतर सहाशेहून जास्त मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. लखलखाट कमी करणं तुमच्या हातात आहे, ते लगेच करा. पण फिल्म टीव्हीवर किंवा शाळांमध्ये जाणार असेल तर "मला तरी काही झालं नाही" यावर सोडू नका. प्रसारणाची गुणवत्ता तपासणी करणाऱ्या स्टुडिओकडून ती तपासून घ्या.

थिएटरमध्ये दाखवायची असेल आणि रंग तुमच्या मॉनिटरपेक्षा वेगळे दिसत असतील तर कलरिस्ट (रंग जुळवणारा तंत्रज्ञ) गाठा. घरच्या मॉनिटरवर अंदाजाने केलेली दुरुस्ती थिएटरच्या पडद्यावर आणखी चुकते.

आणि ते आठवं लक्षण. साधा कट लावला, आवाज पुढे ओढला, दिशा जुळवली, तरी गोष्ट तुटते. मग ॲनिमॅटिक उघडा. नसेल तर स्टोरीबोर्डची चित्रं आवाजावर लावून एक करा. एका संध्याकाळचं काम आहे. फिल्म पूर्वी न पाहिलेल्या माणसाला ते दाखवा आणि काय घडलं ते सांगायला लावा. तो त्याच जोडावर अडखळला तर मधला एखादा सीन मुळातच कमी आहे, किंवा दोन सीनचा क्रम चुकलाय. आता नवीन ट्रान्झिशन शोधणं बंद करा आणि नवीन चित्रं काढणंही बंद करा. एखाद्या अनुभवी एडिटरला दोन तासांचे पैसे द्या. ॲनिमेशनमध्ये सीन पूर्ण झाल्यावर बदलणं महाग पडतं. ॲनिमॅटिकवर एडिटर बसवणं त्या मानाने काहीच नाही.

त्याला पाठवताना सगळे इफेक्ट काढलेली, साध्या कटची फाईल पाठवा. प्रत्येक सीनची शेपटी कापू नका, आवाजाचे ट्रॅक वेगळे ठेवा, पडद्यावर फ्रेमचा आकडा छापा, आणि कुठल्या आकड्यावर खटकतं ते एका ओळीत लिहा. का खटकतं याचा तुमचा अंदाज मात्र त्याने एकदा पाहून झाल्यावरच सांगा.